आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?

“ताई, मी हे फक्त तुम्हाला सांगितलं होतं.”

एवढे बोलून मावशी आमच्या कार्यालयाच्या दारातच उभ्या राहिल्या. आत या, पाणी घ्या म्हटले तरी आल्या नाहीत. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपे गेले असते.

प्रकरण गायरानाचे होते. मराठवाड्यातील एका गावात आपल्या समाजातील एका कुटुंबाने कसलेल्या गायरानात रात्रीतून ट्रॅक्टर घालून उभे सोयाबीन मोडले गेले. गावाने काहीच पाहिले नव्हते. अशा वेळी गाव कधीच काही पाहत नाही. पाहिले होते ते या मावशींनी. त्या आपल्या समाजाच्या नाहीत. मजुरी करतात, आणि त्या रात्री शेजारच्या शेतात राखणीला होत्या. हातातल्या बॅटरीच्या उजेडात त्यांनी दोन माणसे ओळखली. कोर्टात बोलायची वेळ येईपर्यंत माझे नाव कुणाला कळू देऊ नका, या एका अटीवर त्यांनी मला सगळे सांगितले. मी ते लॅपटॉपवर टाइप केले, फाइलला ‘साक्षीदार’ असे नाव दिले आणि डेस्कटॉपवर ठेवून दिली.

काही आठवड्यांनी पिठाच्या गिरणीवर एका माणसाने सगळ्यांदेखत त्यांना विचारले, “काय मावशी, बॅटरीच्या उजेडात लई लांबचं दिसतं म्हणं तुम्हाला?”

बॅटरीचा उल्लेख त्यांनी माझ्याशिवाय कुणाजवळ केला नव्हता. तो होता माझ्या फाइलमध्ये. त्यानंतर आठवडाभरात किराणा दुकानातील त्यांची उधारी बंद झाली आणि मुलाचे ट्रॅक्टरवरचे काम गेले. मग मावशी आमच्या दारात येऊन ते एक वाक्य बोलल्या आणि परत गेल्या. साक्षीचा विषय तिथेच संपला.

हा लेख लॅपटॉपच्या पासवर्डविषयी आहे. अत्याचाराच्या प्रकरणातून एकदम पासवर्डकडे कशी वळले, असे काहींना वाटेल. पण माझ्यापुरते हे दोन विषय त्या दिवसापासून वेगळे राहिलेले नाहीत.

मधल्या काळात काय घडले होते ते सांगते. आमच्या संस्थेचा लॅपटॉप जुना, २०१२ सालच्या बनावटीचा, सेकंडहँड घेतलेला. चालू करून चहा करून यावा तरी तो उघडायचा नाही. कुणीतरी सांगितले, आतली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, नव्यासारखा पळेल. ते खरेच आहे. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि त्यावर सुई माहिती शोधते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळी माहिती चिपमध्ये असते. म्हणून लॅपटॉप दुरुस्तीच्या एका दुकानात दिला. दुकानदार म्हणाला, “पासवर्ड लिहून ठेवा मॅडम, टेस्टिंगला लागतो.” मी पावतीवरच लिहून दिला. तीन दिवस लॅपटॉप तिथे होता. जुन्या डिस्कमधले सगळे जसेच्या तसे नव्यात आले होते. मी खूश झाले. जुनी डिस्क त्याने ठेवून घेतली, त्याबद्दल बिलात थोडे पैसे कमी केले, तर मला उलट बरेच वाटले.

मावशी येऊन गेल्यावर मी त्या दुकानात गेले. जुनी डिस्क कुठे आहे, असे विचारले. “ती भंगारात गेली ना मॅडम, कधीच.”

आता मुद्दा नीट समजून घ्या. मावशींचे नाव त्या दुकानातून फुटले, असे मी म्हणत नाही. मला ते सिद्ध करता येणार नाही. कदाचित मीच कुठे फोनवर मोठ्याने बोलले असेन. कदाचित आम्ही बोलत असताना कुणी भिंतीआड उभे असेल. कदाचित मावशींनाच आठवत नसेल की त्या आणखी कुणाजवळ बोलल्या होत्या. पण “ते माझ्याकडून फुटलेले नाही” असे त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायची सोय मला उरलेली नव्हती. माझी चूक झाली की नाही, हे मला माहीत नाही. ती झाली नाही असे म्हणता येऊ नये, एवढी ढिलाई मात्र मी नक्की केली होती. आणि विश्वासावर चालणाऱ्या कामात तेवढी पुरते.

मी समाजशास्त्रात एम.ए. केले. लघुप्रबंधाच्या वेळी मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, निवेदकांची नावे बदला, गावाचे नाव बदला. मी इमानदारीने बदलली. छापील प्रबंधात एकही खरे नाव नव्हते. पण ज्या वहीत खरी नावे होती ती वही वसतिगृहाच्या खोलीत उशाला उघडी पडलेली असायची. गोपनीयता म्हणजे छापताना घ्यायची काळजी, एवढेच माझ्या डोक्यात बसले होते. लिहून ठेवलेल्या गोष्टीचीही राखण करावी लागते, हे पुस्तकात होते तरी अंगात भिनलेले नव्हते. पुढे वहीची जागा लॅपटॉपने घेतली, सवय तीच राहिली.

आमच्या वस्तीतला एक मुलगा आयटीआय करून हार्डवेअरचे काम करतो. त्याला मी विचारले, “बाळा, विंडोजला पासवर्ड होता, मग फाइल कशी कुणाला दिसेल?” तो हसला. म्हणाला, “ताई, तुमचा पासवर्ड म्हणजे ओसरीच्या दाराची कडी आहे. मागच्या बाजूला भिंतच नाही.” त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात लिनक्स होते. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला. विंडोज उठलेच नाही, त्यामुळे विंडोजचा पासवर्ड कुणी विचारलाच नाही. पाच मिनिटांच्या आत माझे सगळे फोल्डर समोर होते. ‘साक्षीदार’ सुद्धा. मग त्याने लॅपटॉप उलटा केला, खालचे झाकण उघडले, एसएसडी बाहेर ओढली आणि तळहातावर ठेवली. म्हणाला, “हिला यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर एवढं करायचीही गरज नाही.”

त्या दिवशी मी जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. आपल्या चळवळीतल्या कितीतरी संस्था असेच जुने लॅपटॉप वापरतात आणि माझ्याच भ्रमात आहेत.

लॅपटॉपला एकच कुलूप नसते. पहिले कुलूप विंडोजचे. ते फक्त विंडोजच्या आत शिरण्यापुरते असते. डिस्कवरच्या माहितीला त्याने काहीही होत नाही. दुसरे कुलूप बायॉसचे. लॅपटॉप सुरू होताच, विंडोजच्याही आधी जो मूळ प्रोग्राम जागा होतो तो बायॉस. त्याला पासवर्ड लावला तर पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणे अवघड होते, पण डिस्क बाहेर काढली की ते कुलूप मागे लॅपटॉपमध्येच राहते आणि माल बाहेर पडतो. तिसरे कुलूप खुद्द डिस्कचे. जुन्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः कार्यालयीन वापरासाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये, बायॉसच्या सिक्युरिटी विभागात ‘हार्ड डिस्क पासवर्ड’ असा पर्याय अनेकदा असतो. नाव हार्ड डिस्कचे असले तरी तो साटा प्रकारच्या एसएसडीलाही लागू पडतो. हा पासवर्ड लॅपटॉपमध्ये न राहता डिस्कमध्येच साठवला जातो. वीज मिळताच डिस्क कुलूपबंद अवस्थेत उठते आणि पासवर्ड मिळेपर्यंत एक अक्षरही वाचू देत नाही. ती काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तरी बंदच.

आमच्या लॅपटॉपमध्ये तो पर्याय निघाला. इतकी वर्षे तिथेच होता, मी कधी पाहिलाच नव्हता. तो लावताना तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, बायॉसमध्ये देवनागरी टंकता येत नाही, तेव्हा इंग्रजी अक्षरे आणि आकडे वापरावेत. या पासवर्डची लांबीही ३२ अक्षरांपुरती मर्यादित असते. दोन, यात ‘युजर’ आणि ‘मास्टर’ असे दोन पासवर्ड असतात. फक्त युजर ठेवला तर मास्टर कारखान्यातला तसाच राहू शकतो, आणि तो माहीत असणारा माणूस आत येऊ शकतो. म्हणून दोन्ही आपणच ठरवावेत. तीन, टाइप केलेला पासवर्ड डिस्कला देण्याआधी वेगवेगळ्या कंपन्यांचे बायॉस तो आपापल्या पद्धतीने बदलतात. त्यामुळे उद्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळाला आणि तीच डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला लावली, तर बरोबर पासवर्ड देऊनही ती उघडेलच असे नाही. याचा अर्थ, दुसरी प्रत असल्याशिवाय हे कुलूप लावू नये.

मला वाटले, झाले काम. काळ्या पडद्यावर डिस्कचे छोटे चित्र आणि कुलूप दिसू लागले, पासवर्ड टाकल्याशिवाय पुढे काही हलेना, तेव्हा मनाला मोठे समाधान वाटले. पण तो मुलगा म्हणाला, “ताई, एवढ्यावर मावशींना शब्द देऊ नका.”

त्याचे कारण असे. डिस्क वाचू देत नाही, ही एक गोष्ट झाली. डिस्कवर लिहिलेलेच गुप्त लिपीत आहे, ही वेगळी गोष्ट. जुन्या फिरत्या डिस्कमध्ये बहुधा पासवर्ड हा फक्त दारावरचा राखणदार असतो. आत तबकडीवर माहिती साधीच लिहिलेली असते, आणि राखणदाराला चकवणारे जाणकार असतात. अनेक एसएसडी मात्र लिहितानाच सगळे सांकेतिक करतात, आणि ते उलगडण्याची किल्ली डिस्कच्या आत असते. पासवर्डने ही किल्लीच बांधलेली असेल तर कुलूप खरे. पण ते तसे बांधले आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१८ साली क्रुशिअल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी तपासून दाखवून दिले की त्यांपैकी अनेकांत पासवर्ड आणि किल्ली यांचा पक्का संबंधच नव्हता. डिस्कच्या आतल्या प्रोग्राममध्ये फेरफार करून पासवर्ड नसतानाही माहिती वाचता येत होती. विंडोजची बिटलॉकर ही सोयसुद्धा त्या काळात अशी डिस्क दिसली की स्वतः काही न करता डिस्कच्याच कुलपावर भरवसा ठेवायची. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बदलले.

दुकानातला मुलगा मावशींची फाइल चाळू शकतो. तो डिस्कच्या आतला प्रोग्राम बदलणार नाही. त्याच्यापुरते बायॉसमधले कुलूप पुरेसे आहे. पण उद्या कोण येईल, हे मला माहीत नाही. शिवाय जे कुलूप पक्के आहे की नाही हे मला तपासता येत नाही, त्याच्या भरवशावर दुसऱ्याला वचन देणे ही फसवणूकच आहे, भले ती माझ्या नकळत होवो. उघडी वही निदान उघडी आहे हे कळते, आणि माणूस तीत लिहिताना विचार करतो. खोटे कुलूप असले की तो निर्धास्तपणे सगळे लिहून मोकळा होतो.

म्हणून आम्ही दुसरा थर चढवला, सॉफ्टवेअरने केलेल्या एन्क्रिप्शनचा. त्याची रचना उघड असते आणि जगभरचे जाणकार ती तपासत असतात. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर मिळते. होम आवृत्तीत ते पूर्ण स्वरूपात नसते, पण व्हेराक्रिप्ट हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. आम्ही लिनक्स मिंट घेतले. एक तर विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अटीत आमचा लॅपटॉप बसत नाही. दुसरे म्हणजे, मिंट बसवतानाच ‘संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा’ असा पर्याय येतो. मराठी टंकलेखन तिथेही होते. लॅपटॉप मंदावेल अशी मला भीती होती. पण सांकेतिक लिपीचे हे गणित वेगाने करण्याची सोय त्या काळच्या आय-फाइव्ह प्रोसेसरमध्ये असते, त्यामुळे फरक जाणवलाही नाही. दुसऱ्या पिढीच्या आय-थ्रीमध्ये किंवा त्याहून जुन्या कोअर टू ड्युओमध्ये ती सोय नाही. तिथे थोडा वेग कमी होईल, पण काम अडणार नाही.

यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी कुलूप, मग माल. एसएसडी आपल्या चिपा सारख्या झिजाव्यात म्हणून माहिती इकडून तिकडे हलवत असते. त्यामुळे एखादी फाइल पुसली किंवा तिच्यावर दुसरे काही लिहिले, तरी तिचा जुना अंश कुठल्यातरी राखीव कोपऱ्यात राहू शकतो. वर्षभर उघड्यावर वापरलेल्या डिस्कला आज पासवर्ड लावला म्हणजे कालचे सगळे झाकले गेले, असे होत नाही. आम्ही आधी दुसरी प्रत काढून घेतली, मग ‘सिक्युअर इरेज’ आज्ञेने पूर्ण डिस्क रिकामी केली, आणि त्यानंतर एन्क्रिप्शनसह नव्याने सुरुवात केली. आणखी एक सवय लावून घेतली. काम संपले की लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, नुसते झाकण मिटायचे नाही. झोपलेल्या लॅपटॉपच्या मेमरीत किल्ली जागीच असते. एसटीत तो मांडीवर घेऊन बसायची तेव्हा मी नेहमी झाकणच मिटत असे.

पासवर्डाविषयी एक घरातली गोष्ट. आपल्या कार्यालयांतील निम्मे पासवर्ड मी न विचारता सांगू शकते. जयभीमला जोडून १२३, नाहीतर बाबासाहेबांची जन्मतारीख, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. श्रद्धा म्हणून हे ठीक आहे. पण जो आपल्यावर डोळा ठेवून आहे त्याला या तारखा आपल्याइतक्याच पाठ आहेत. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द घ्यावेत आणि रोमन अक्षरांत सलग लिहावेत. लक्षात राहतात, आणि ओळखता येत नाहीत.

हे सगळे मी कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत मांडले तेव्हा आक्षेप आले. त्यांचा विचार करायला हवा.

पहिला आक्षेप एका ज्येष्ठ दादांचा. “ताई, आपली चळवळ उघड्या मैदानातली आहे. आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?” त्यांच्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच उत्तर स्पष्ट दिले. दादा, माझ्याकडे माझे लपवण्यासारखे काहीच नाही. पण त्या लॅपटॉपमध्ये माझे आहे तरी काय? तिथे आहे एका मुलीची वैद्यकीय तपासणी, एका कुटुंबाने गाव सोडून कुठे आसरा घेतला तो पत्ता, आणि मावशींची बॅटरी. हे माझ्या मालकीचे नाही, माझ्याकडे ठेवायला दिलेले आहे. दुसऱ्याच्या ठेवीबाबत “मला लपवायचे नाही” असे म्हणण्याचा अधिकार मला कुणी दिला?

आणि उघडेपणा सर्वांना सारखा परवडत नाही. गावात सगळ्यांना सगळ्यांचे माहीत असते, असे आपण कौतुकाने म्हणतो. खरे तर ज्याच्या हातात जमीन, दुकान आणि मजुरी आहे त्याला सगळ्यांचे माहीत असते. त्याचे कुणाला कळले तरी त्याला काय फरक पडतो? मावशींचे एक वाक्य कळले आणि त्यांची चूल अडली. जो दुबळा आहे त्याच्यासाठी योग्य वेळ येईपर्यंत नाव झाकलेले असणे हेच संरक्षण असते. कायद्यालाही हे कळते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने जे कलम १५ अ आले, त्यात पीडित आणि साक्षीदारांना धमकावण्यापासून संरक्षण देणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे, आणि साक्षीदारांची नावे व पत्ते आदेशात गुप्त ठेवण्याची तरतूदही आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे आधी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ खाली गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली आहे. न्यायालयाने नाव झाकायचे आणि ते आमच्या डेस्कटॉपवर उघडे पडायचे, हे कसे चालेल?

दुसरा आक्षेप होता, “कुलूप दिसले की पोलिसांना संशय येईल.” माझे म्हणणे असे की घराला कुलूप लावणारा प्रत्येक माणूस चोर नसतो. १९४७ साली बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांच्या मसुद्यात व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असावे, अशी तरतूद त्यांनी सुचवली होती. त्यात कागदपत्रांचा उल्लेख आहे, याकडे लक्ष द्या. ज्यांच्या पिढ्यांना अक्षर शिवू दिले गेले नाही, त्यांच्या वतीने मांडलेल्या मसुद्यात कागदाच्या सुरक्षिततेची मागणी आहे. अंतिम संविधानातील मूलभूत हक्कांत ही तरतूद त्या स्वतंत्र रूपात आली नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. कायदेशीर आदेश घेऊन कुणी आले तर वकिलाला सोबत घेऊन काय ते बघू. पण दुकानदार, चोर, भंगारवाला आणि गावातला पाटील यांच्यापैकी कुणाकडे आदेश असतो?

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटला. “पासवर्ड विसरलो तर? सगळेच गेले की.” होय, गेलेच. खऱ्या एन्क्रिप्शनला मागचे दार नसते. इथे मला एम.ए.ला शिकलेले एक प्रकरण आठवते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना तिथल्या संशोधन केंद्राला आग लावली गेली आणि म्हैसूरजवळच्या गावाविषयीच्या त्यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग बरेचसे स्मरणावर विसंबून त्यांनी ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ लिहिले, ते १९७६ मध्ये आले. त्यांनी ते गाव कुठल्या ओट्यावर बसून पाहिले, यावर आपले त्यांच्याशी भांडण आहे आणि राहील. पण इथे धडा वेगळा आहे. तीन प्रती होत्या, पण तिन्ही एकाच छपराखाली. श्रीनिवासांना आठवणीवर पुस्तक लिहिता आले. आपल्याला आठवणीवर खटला लढवता येत नाही.

म्हणून आमची व्यवस्था अशी आहे. सगळ्या माहितीची एक प्रत दुसऱ्या एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर, दुसऱ्या गावात. पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात, पाकिटावर सही, आणि ते पाकीट संस्थेच्या दोन विश्वस्तांकडे वेगवेगळ्या घरी. दर महिन्याला एकदा ती प्रत उघडून पाहायची. फायलीत खरे नाव लिहायचे नाही, क्रमांक लिहायचा. क्रमांक आणि नाव जुळवणारी यादी वेगळी ठेवायची. हे शेवटचे काम करायला पासवर्डही लागत नाही. एम.ए.च्या पहिल्या दिवशी मला तेच तर सांगितले होते.

आणि या कुलपाची मर्यादाही सांगते, नाहीतर मी पुन्हा खोटे वचन दिल्यासारखे होईल. हे कुलूप बंद लॅपटॉपची राखण करते. लॅपटॉप चालू असताना, पासवर्ड टाकून झाल्यावर, इंटरनेटवरून कुणी आत शिरले तर त्याला हे अडवू शकत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात म्हटले की रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरवून बाहेरून कागदपत्रे ठेवण्यात आली होती. तशा धोक्यासाठी वेगळी सावधगिरी लागते. अनोळखी मेलमधली जोडणी उघडायची नाही, हा तिचा पहिला नियम. आणि व्हॉट्सॲपवर जबाबाचा फोटो टाकला, झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह विसरला, तर लॅपटॉपचे कुलूप बिचारे काय करणार?

गेल्या महिन्यात एका दुसऱ्या गावची तरुण बाई तक्रार घेऊन आली. सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, “ताई, हे लिहून कुठं ठेवता?” आधीची मी असते तर “काळजी करू नका” म्हणून मोकळी झाले असते. या वेळी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिला तो काळा पडदा दाखवला, तिच्या नावाऐवजी पडलेला क्रमांक दाखवला. दुसरी प्रत आहे आणि पासवर्ड तीन माणसांपाशी आहे, हेही सांगितले. कशाने फुटू शकते तेही सांगितले. तिने थोडा वेळ विचार केला. काही सांगितले, काही सांगितले नाही. ते ठरवायचा अधिकार तिचाच होता, आणि ठरवण्यासाठी लागणारी माहिती या वेळी तिच्याजवळ होती.

मावशी बाजाराच्या दिवशी भेटतात. पोरांची खुशाली विचारतात. त्या प्रकरणाविषयी त्या बोलत नाहीत, मीही काढत नाही. ती जुनी डिस्क आज कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, की खरोखरच चुरा झाली आहे, हे मला माहीत नाही. मावशींच्या नावाची फाइल तिच्यात अजून असेल.

मित्रांनो, तुमच्या संस्थेचा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी एवढे करा. डिस्क काढून स्वतःजवळ ठेवा, पावतीवर पासवर्ड लिहू नका, आणि जुनी डिस्क कुणालाही, कितीही पैसे कमी केले तरी, देऊ नका. मग एखाद्या रविवारी बसून कुलूप लावा. आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले तर सांगा, ज्यांनी आपल्यावर विसंबून तोंड उघडले त्यांची नावे आहेत.

जय भीम.